तीच दारू, दोन शरीरं: व्यसन, हार्मोन आणि पाळीच्या तारखा

प्रश्न असा आला आहे: "मी ३८ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी नवरा आणि मी संध्याकाळी बरोबर बसून प्यायला लागलो. तो आजही दोन पेगवर थांबतो. मी चारवर गेले आहे, सकाळी हात थरथरतात आणि तपासणीत लिव्हरला सूज निघाली. पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस तर तलफ आवरतच नाही. हे बोलून दाखवलं की तो म्हणतो, हार्मोनचं निमित्त करू नकोस. हे खरंच शरीराचं काही असतं, की माझी सबब आहे?"

सबब नाही. आणि सगळं हार्मोनमुळेच होतं असंही नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते सांगायला जागा लागते, म्हणून उत्तर लांबणार आहे. मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून २२ वर्षं व्यसनमुक्तीचं काम करते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी एकाही बाईला तिच्या पाळीची तारीख विचारली नव्हती. किती पिता, कधीपासून, कुणाबरोबर, घरात आणखी कुणाला व्यसन आहे का, झोप लागते का, हे सगळं विचारायचे. तारीख नाही. ती चूक लक्षात कशी आली ते पुढे सांगते.

आधी सकाळच्या थरथरीबद्दल. बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल, हे आजच वाचा. रात्रीची दारू पहाटेपर्यंत उतरते आणि हात थरथरायला लागतात, घाम येतो, छाती धडधडते. याचा अर्थ मेंदू आता दारू धरूनच चालायला लागला आहे. अशा वेळी घरच्या घरी, एकटीने, एका रात्रीत दारू तोडू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, गोंधळ, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था काहींना येते. हेच सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही दिवसांची औषधं आणि ब१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देऊन केलं, तर बहुतेकांचं सुखरूप पार पडतं. लिव्हरला सूज आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, औषधं त्यावरून ठरतात.

आता तुमचा आणि नवऱ्याचा हिशोब मांडू. दारू चरबीत फारशी शिरत नाही, ती शरीरातल्या पाण्यात पसरते. पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण मुळातच जास्त, त्यामुळे तिच्यात साधारण ५० टक्के. समजा त्याचं वजन ७० किलो आहे आणि तुमचं ५५. त्याच्याकडे ४२ लिटर पाणी झालं, तुमच्याकडे साडेसत्तावीस. दोघांनी दोन-दोन पेगांतून प्रत्येकी २८ ग्रॅम अल्कोहोल घेतलं, तर त्याच्या वाट्याला लिटरमागे साधारण पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी येतं आणि तुमच्या वाट्याला पूर्ण एक ग्रॅम. म्हणजे त्याचे दोन तुमच्या शरीरात तीन म्हणून उतरतात, आणि तुमचे आजचे चार म्हणजे त्याचे सहा. वजन अगदी सारखं, दोघांचंही ६० किलो धरलं, तरी ३६ लिटर आणि ३० लिटर हा फरक उरतोच.

१९९० साली एका अभ्यासात असं दिसलं, की दारूचा काही भाग रक्तात जाण्याआधीच पोटात मोडणारं एन्झाइम बायकांमध्ये कमी काम करतं. त्या निष्कर्षावर नंतर बरीच वादावादी झाली, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. पाण्याचा हिशोब मात्र कुणी नाकारत नाही आणि तुमच्या प्रश्नाला तो पुरेसा आहे. लिव्हर बिघडायला, हृदयाचा स्नायू कमकुवत व्हायला बाईला पुरुषापेक्षा कमी दारू आणि कमी वर्षं पुरतात, हे वारंवार दिसलं आहे. त्यात स्तनाच्या कर्करोगाची भर. रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे तो धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक हार्मोनचंच आहे: दारूने रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं.

सहा वर्षांत तुम्ही इतक्या पुढे कशा गेलात, हा प्रश्नाचा दुसरा भाग. उपचाराला येणाऱ्या बायकांमध्ये एक क्रम फार जुन्या काळापासून नोंदला गेला आहे. त्या पुरुषांपेक्षा उशिरा सुरू करतात, पण पहिला पेग ते नियमित पिणं, नियमित पिणं ते सुटेनासं होणं आणि तिथून दवाखान्याची पायरी, हे सगळे टप्पे कमी वर्षांत उरकतात. घडीची दुर्बीण एकात एक सरकून आखूड होते, तसा हा प्रवास आखूड होतो. म्हणून इंग्रजीत त्याला टेलिस्कोपिंग म्हणतात. दारू, अफूवर्गीय पदार्थ, जुगार यांच्या बाबतीत हे लिहिलं गेलं आहे. दवाखान्याबाहेरच्या सर्वसाधारण लोकांच्या मोठ्या पाहण्यांत मात्र दारूबाबत हा फरक तितका ठळक दिसला नाही, म्हणून प्रत्येक बाईचं असंच होणार असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासमोरच्या खुर्चीत मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की "आत्ताशी तर सुरू केलंय" हे वाक्य मी कुठल्याही बाईच्या बाबतीत दिलासा म्हणून घेत नाही.

आता ती चूक. पस्तिशीची एक शिक्षिका माझ्याकडे यायची. दारू सोडायची, दोन-तीन आठवडे उत्तम जायचे, मग पाय घसरायचा. प्रत्येक वेळी आम्ही कारण शोधायचो आणि प्रत्येक वेळी नवं सापडायचं. कधी मुख्याध्यापिकेशी वाजलं, कधी मुलाची परीक्षा, कधी बहिणीचा फोन. एका भेटीत तिने पर्समधून खिशात मावेल एवढं छोटं कॅलेंडर काढून पुढची तारीख बघितली आणि ते टेबलावर तसंच उघडं राहिलं. त्यावर लाल पेनाच्या फुल्या होत्या आणि निळ्या पेनाचे ठिपके. फुली म्हणजे पाळी, हे मी ओळखलं. ठिपके कसले विचारलं, तर म्हणाली, "प्यायले ते दिवस." मी ते कॅलेंडर माझ्याकडे वळवून घेतलं. सहा महिन्यांची पानं उलटली. जवळजवळ प्रत्येक ठिपका फुलीच्या डावीकडच्या चार-पाच चौकोनांत होता. मुख्याध्यापिका, परीक्षा, बहीण, सगळे खरे होते. पण ते महिनाभर खरे होते आणि ती कोसळायची ठरावीक आठवड्यात. ते कॅलेंडर ती वर्षभर माझ्यासमोर घेऊन बसत होती आणि मी कधी विचारलं नव्हतं.

त्या डावीकडच्या चौकोनांत काय घडतं? चक्र २८ दिवसांचं धरू. पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन चढत जातं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन जवळजवळ नसतंच. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन वर येतं, काही दिवस टिकतं आणि पाळीच्या आधी दोन्ही खाली कोसळतात. व्यसनाला या चक्रात शिरायला दोन दारं आहेत, आणि ती वेगवेगळ्या आठवड्यांत उघडतात. बऱ्याच लेखांत ही दोन्ही एकत्र कालवली जातात आणि वाचणारीचा गोंधळ होतो.

पहिलं दार मजेचं. मेंदूच्या स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामाइन हे रसायन सुटलं की मेंदू नोंद करतो: हे महत्त्वाचं, हे पुन्हा करायचं. इस्ट्रोजेन तिथे थेट हात घालतं. मिशिगन विद्यापीठातल्या जिल बेकर यांचं प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचं काम या विषयाचा पाया मानलं जातं. कळ दाबली की कोकेन मिळतं हे मादी नरापेक्षा लवकर शिकते आणि ते मिळवण्यासाठी जास्त खटपट करते. तिचे बीजांडकोश काढले की हा फरक बराच विरतो. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की परत येतो. त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन दिलं की पुन्हा मंदावतो. नराला तेच इस्ट्रोजेन दिलं तर असं काही होत नाही, म्हणजे प्रश्न फक्त रक्तातल्या हार्मोनचा नाही, ते हार्मोन ज्या मेंदूत पोचतं त्याच्या घडणीचाही आहे. माणसांतही याचे धागे सापडतात. शिकागो विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात अँफेटामिन या उत्तेजक पदार्थाची तीच मात्रा बायकांना चक्राच्या पहिल्या अर्ध्यात जास्त सुखद वाटली. ओढून घ्यायच्या कोकेनबद्दल न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात तेच दिसलं. दुसऱ्या अर्ध्यात ते कमी 'चढलं', आणि पहिल्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन दिल्यावर बायकांमध्ये त्याचा जोर ओसरला. पुरुषांमध्ये नाही.

दुसरं दार सुटकेचं, आणि तुमचं बहुधा हेच आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनवतं. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन पेशींवरच्या ज्या जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं, त्यांवर तो काम करतो. दारू त्याच रिसेप्टरवर काम करते आणि झोपेच्या, घबराटीच्या बऱ्याचशा गोळ्याही. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन पडलं की हा घरचाच शामक पदार्थ काही दिवसांत आटतो. झोप तुटते, चिडचिड होते, उगाच धास्ती वाटते, छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. ज्या बाईने त्या रिसेप्टरला वर्षानुवर्षं दारूची सवय लावली आहे, तिचा मेंदू या अवस्थेला एकच उत्तर जाणतो. तिला त्या दिवशी मजा नको असते, तिला बरं वाटायला हवं असतं. दारूच्या बाबतीत चक्राप्रमाणे ती किती 'चढते' यात मोठा फरक पडतो असा पक्का पुरावा नाही. पण पाळीपूर्वीचा त्रास ज्यांना जास्त, त्यातल्या अनेकींचं पिणं त्याच दिवसांत वाढतं. या पदार्थाची ताकद किती खरी आहे याची खूण म्हणजे, त्याच अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचं इंजेक्शन ब्रेक्सॅनोलोन या नावाने २०१९ साली अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं.

तेव्हा तुमच्या नवऱ्याला सांगायचं ते हे. पाळीपूर्वीची तलफ हे वर्तनाचं समर्थन नाही, ती वेळापत्रकातली माहिती आहे. कुठल्या आठवड्यात कस लागणार हे आधी ठाऊक असणं हा फार मोठा फायदा आहे, आणि पुरुष रुग्णांना तो मिळत नाही.

हार्मोन पुरुषालाही असतात, हे मी इथेच सांगून टाकते, कारण हा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा बायकांकडे वळतात. २०१० च्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात दारूनंतर तरुण पुरुषांच्या मेंदूत तरुण बायकांपेक्षा जास्त डोपामाइन सुटलेलं दिसलं. म्हणजे "बाईचा मेंदू कच्चा" असा अर्थ कुणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. जगभर दारूने पुरुष बायकांपेक्षा जास्त मरतात. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, वृषण आकसतात, लिव्हर बिघडलं की स्तन वाढतात, इच्छा मरते. हे तो डॉक्टरला सांगत नाही, बायकोलाही सांगत नाही, आणखी एक पेग घेतो. व्यायामशाळेत स्नायूंसाठी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचं तर व्यसनच हार्मोनचं असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. इंजेक्शनं बंद केली की पुढचे कित्येक महिने अंगात जोर नाही, मन काळवंडलेलं, कधी आत्महत्येचे विचार, आणि त्यातून सुटायला पुन्हा तेच इंजेक्शन. अशा मुलाला "सोड की" म्हणून भागत नाही. त्याच्या रक्ताची तपासणी आणि हार्मोनतज्ज्ञाची मदत लागते.

अफूवर्गीय पदार्थांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे हार्मोनची माहिती नसल्याने आयुष्यं उलटीपालटी होतात. हेरॉइन असो की वेदनाशामक गोळ्या, हे पदार्थ मेंदूतून बीजांडकोशांकडे आणि वृषणांकडे जाणारा हुकूमच दाबून टाकतात. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन पडतं. बाईची पाळी लांबते, कित्येकींची वर्षभर येतच नाही. तिची ठाम समजूत होते की आता आपल्याला मूल होणं शक्य नाही. मग ती उपचाराला येते, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे या व्यसनावरचं औषध सुरू होतं, खाणंपिणं सुधारतं आणि काही आठवड्यांत शरीर जागं होतं. अंडं आधी सुटतं, पाळी नंतर येते. म्हणजे पाळी परत आल्याची खूण दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. माझी एक रुग्ण ब्युप्रेनॉर्फिनवर छान स्थिरावली होती. चौथ्या महिन्यात सकाळी मळमळ, थकवा, अंग दुखणं सुरू झालं. तिला वाटलं गोळी कमी पडते आहे. मलाही तेच वाटलं आणि मी मात्रा वाढवली. गर्भचाचणी केली ती तीन आठवड्यांनी. तेव्हापासून माझ्याकडे हा उपचार सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईशी मी पहिल्याच भेटीत गर्भनिरोधनाबद्दल बोलते, तिने विचारलेलं नसलं तरी.

आणि दिवस राहिलेच तर अफूवर्गीय पदार्थ किंवा हे उपचार घाबरून एकदम बंद करायचे नाहीत. पुन्हा जुन्या पदार्थाकडे वळण्याचा धोका फार मोठा, आणि तो आईला आणि बाळाला दोघांनाही महागात पडतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही गर्भारपणात देता येतात. शेवटच्या महिन्यांत शरीर मेथाडोन लवकर संपवतं, म्हणून मात्रा वाढवावी किंवा दिवसातून दोनदा विभागून द्यावी लागते. "बाळासाठी मी कमी घेते" म्हणून आई स्वतःच मात्रा कापते तेव्हा तिला हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. २०१० च्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना जन्मानंतर औषध तुटल्याने होणाऱ्या त्रासासाठी मॉर्फिन कमी लागलं आणि ती रुग्णालयातून लवकर घरी गेली. दारूचं मात्र वेगळं आहे. १९७३ साली सिएटलच्या डॉक्टरांनी गर्भातल्या दारूमुळे होणाऱ्या विकृतींना नाव दिलं, आणि गर्भारपणात अमुक इतकी चालते असा कुठलाही सुरक्षित आकडा आजवर कुणी देऊ शकलेलं नाही.

सिगारेटचं गणित आणखी निराळं. इस्ट्रोजेन लिव्हरमधलं निकोटिन मोडणारं एन्झाइम चेतवतं. त्यामुळे बाई पुरुषापेक्षा निकोटिन लवकर संपवते, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी त्याहून लवकर, आणि गर्भारपणात तर निकोटिन शरीरातून जाण्याचा वेग सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेला मोजला गेला आहे. रक्तातलं निकोटिन लवकर उतरलं की पुढची सिगारेट लवकर हवीशी होते. त्वचेवर लावायचा निकोटिनचा पॅच किंवा निकोटिनचं च्युइंग गम बायकांना पुरुषांइतकं लागू पडत नाही असं अनेक अभ्यासांत दिसतं, त्याचं हे एक कारण असावं. दुसरं असं, की बायकांना निकोटिनपेक्षा सिगारेटभोवतीच्या गोष्टी जास्त धरून ठेवतात: तो वास, हातातली ती सवय, कामातून मिळालेली ती पाच मिनिटं. सिगारेट सोडवणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी बायकांमध्ये चांगलं काम करते. आणि ही गोष्ट कुठल्याही ३५ च्या पुढच्या बाईने लक्षात ठेवावी: सिगारेट ओढत असाल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. दिवसाला १५ किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांना तर त्या पूर्ण वर्ज्य आहेत. रक्ताची गुठळी, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका दोन्ही मिळून फार वाढतो. प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या, तांबी असे दुसरे मार्ग आहेत.

हे सगळं डॉक्टरांनाही उशिरा का कळलं, याचं मला आजही वाईट वाटतं. १९७७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू बाळांना जपण्याचा होता. परिणाम असा, की १९९३ साली तो नियम बदलेपर्यंत बायकांच्या मात्रा पुरुषांच्या शरीरावरून ठरत राहिल्या. झोल्पिडेम ही झोपेची गोळी २० वर्षं दोघांना सारखीच, १० मिलिग्रॅम, दिली गेली. बायकांच्या रक्तात ती सकाळीही इतकी उरते की गाडी चालवणं धोक्याचं ठरतं, हे लक्षात आल्यावर २०१३ साली बायकांची मात्रा निम्मी, ५ मिलिग्रॅम, झाली. तुम्हाला झोपेसाठी कुणी ही गोळी दिली असेल तर मात्रा बघा, आणि दारूबरोबर ती कधीही घेऊ नका. २०१५ मधली गोष्ट तर मला विसरताच येत नाही. बायकांची कामेच्छा वाढवण्यासाठीच्या फ्लिबॅन्सेरिन या गोळीबरोबर दारू घेतली तर काय होतं, याची चाचणी २५ जणांवर झाली. त्यात २३ पुरुष होते, २ बायका.

शरीराइतकंच वजन ज्याला आहे ते म्हणजे लपवणं. पुरुष चारचौघांत पितो, म्हणून तो घसरला की कुणाच्या तरी लक्षात येतं. बाई स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, सगळे झोपल्यावर पिते. मुलं हिरावून घेतली जातील ही भीती तिला दवाखान्यापासून दूर ठेवते. तिला पहिला पेग किंवा पहिली पुडी देणारा बहुतेकदा जोडीदारच असतो, आणि सोडायची वेळ आली की तोच अडथळा होतो. याला इस्ट्रोजेन जबाबदार नाही. उपचारात टिकून राहिलेल्या बायकांचे निकाल पुरुषांइतकेच चांगले असतात. दारापर्यंत पोचणंच त्यांना जड जातं.

आता तुम्ही काय करायचं. थरथरीचा बंदोबस्त झाला की दारूची ओढ कमी करणारं औषध डॉक्टर सुचवतील. नाल्ट्रेक्सोन असेल तर बायकांना त्याने मळमळ जास्त होते, म्हणून ५० मिलिग्रॅमऐवजी पहिले काही दिवस २५ ने सुरू करता येईल का ते विचारा. लिव्हरच्या चाचण्या आधी बघाव्या लागतील, आणि अफूवर्गीय वेदनाशामक चालू असेल तर ते घेता येत नाही. अकॅम्प्रोसेट हे ओढ कमी करणारं दुसरं औषध लिव्हरवर भार न टाकता मूत्रपिंडांतून बाहेर जातं, तुमच्या बाबतीत त्याचा विचार होण्याजोगा आहे. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली तर त्रास घडवणारं औषध, त्यापासून सूज असलेल्या लिव्हरला लांबच ठेवलेलं बरं. पाळीपूर्वीची उदासी आणि चिडचिड फारच तीव्र असेल, तर एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातलं औषध फक्त पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांपुरतं घेऊनही गुण येतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना नाव घेऊन विचारा. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मात्र स्वतःहून आणून खाऊ नका. येल विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या ५० बायकांवर केलेल्या छोट्या चाचणीत प्रोजेस्टेरॉनने कोकेनचा वापर कमी झालेला दिसला, ही आशेची खूण आहे. दारूच्या व्यसनावरचा तो आज मान्य असलेला उपचार नाही.

आणि आजपासून एक वही करा. पानावर चारच रकाने: तारीख, काल किती तास झोप, तलफ दहापैकी किती, किती प्यायलात. पाळी सुरू झाली की त्या दिवशी लाल फुली. कारणं लिहू नका, कारणं आपण मागाहून जुळवतो. खोटं लिहावंसं वाटलं तर तो दिवस कोरा सोडा, कोरा दिवसही मला काहीतरी सांगतो. तीन चक्रं झाली की वही डॉक्टरांसमोर उघडा. तलफेचे आकडे फुलीच्या आधी चढत असतील तर त्या पाच दिवसांची आखणी करता येते. तपासणीची भेट त्याच आठवड्यात ठेवायची, घरात बाटली त्या आठवड्यात तरी अजिबात नको, रात्री उशिराची कामं आणि वादाचे विषय पुढे ढकलायचे, संध्याकाळी सात ते नऊ कुणीतरी सोबत असेल असं बघायचं. नवऱ्याने त्या दिवसांत तुमच्यासमोर पिऊ नये हे त्याला मीही सांगेन, त्याला बरोबर घेऊन या. त्याच्या लिव्हरचीही चाचणी करून घेऊ.

चाळिशी ओलांडली की हे चित्र पुन्हा बदलेल. पाळी अनियमित व्हायला लागते, इस्ट्रोजेन वरखाली होतं, झोप मोडते, रात्री घामाने जाग येते, आणि बऱ्याच बायका झोपेसाठी म्हणून पेग वाढवतात. दारूने घाम आणि तुटकी झोप दोन्ही वाढतात. वही तेव्हाही चालू ठेवलीत तर बदल लवकर दिसेल.

तीन चक्रांनंतर कदाचित काहीच नमुना दिसणार नाही. तलफेचे आकडे महिनाभर सारखेच असतील, किंवा रविवारी चढतील, किंवा नवरा बाहेरगावी गेला की चढतील. तसं झालं तर हार्मोनचा विषय आपण बाजूला ठेवू आणि रविवारी घरात काय होतं त्याबद्दल बोलू.